सूर्यघड्याळ: बसवण्यापूर्वी संपूर्ण वाचावे

अभिनंदन! सेल लागत नाही, चार्जर लागत नाही, ‘नवीन अपडेट उपलब्ध आहे’ म्हणून मध्यरात्री उठवत नाही, असं घड्याळ बसवायचं तुम्ही ठरवलं आहे. ही पुस्तिका अगदी नवख्यांसाठी आहे. सूर्य पूर्वेला उगवतो एवढंच ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यासाठी. (तेही वर्षातून दोनच दिवस नेमकं खरं असतं, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. इतर दिवशी तो पूर्वेच्या डावी-उजवीकडे कुठेतरी उगवतो. असो.)

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. नीट बसवलेलं सूर्यघड्याळ चुकत नाही. ते भिंतीवरच्या घड्याळाशी जुळत नाही, हे खरं. पण त्याबद्दलच्या तक्रारी आमच्याकडे आणू नयेत, भिंतीवरच्या घड्याळाच्या दुकानात न्याव्यात. खालची सगळी मापं पुण्याच्या गच्चीसाठी आहेत. कोल्हापूर, नागपूर, पणजी इथल्या ग्राहकांनी ती जशीच्या तशी उचलू नयेत. उचलल्यास काय होतं, ते पुढे रोमच्या उदाहरणावरून कळेल.

साहित्य

एक फूट चौरस कडप्पा. नवा विकत आणू नका. ओटा बदललेल्या कोणत्याही घराच्या जिन्याखाली तो उभा करून ठेवलेला असतो. हातभर पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक. गवंड्याकडून तासाभरासाठी मागून आणलेला ओळंबा आणि लेव्हल. ऑइल पेंटची छोटी डबी. एक सरळ काठी.

शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही. भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’च्या यंत्राध्यायात आकाश मोजायची दहा यंत्रं सांगितली आहेत. गोल, नाडीवलय, शंकू, घटी, चक्र अशी नऊ झाल्यावर दहावं यंत्र ते ‘धी’ म्हणजे बुद्धी असं सांगतात, आणि शहाण्याच्या हातात नुसती काठी असली तरी भागतं असा त्यांचा एकंदर सूर आहे. आमच्या संचात काठी दिलेली आहे. बाकीचं ग्राहकाने पाहावं.

जागा आणि परवानगी

सकाळी सात ते संध्याकाळी पाच उघडं ऊन मिळेल अशी जागा हवी. गच्चीवर अशी जागा बहुधा नेमकी वाळवणाची असते, त्यामुळे कुरडयांच्या मोसमात घड्याळ बसवायला काढू नये. पाण्याची टाकी, डिश अँटेना आणि शेजारी नुकताच उभा राहिलेला बावीस मजली टॉवर यांच्या सावल्या टाळा. सोसायटीकडे अर्ज करताना ‘सूर्यघड्याळ’ हा शब्द वापरू नका, त्यावर सर्वसाधारण सभा बसते. ‘गच्चीत एक फरशी’ एवढं पुरे.

उत्तर शोधणे

मोबाइलमधलं होकायंत्र उघडाल तर ते खिशात ठेवा. स्लॅबमधल्या सळया, टाकीचं लोखंडी स्टँड, जिन्याचा कठडा यांच्या संगतीत ते दोन पावलांवर दोन वेगळ्या उत्तर दिशा दाखवतं. अंदाजच हवा असेल तर सोलर वॉटर हीटरची काच पाहा. ती दक्षिणेकडे तोंड करून बसवतात. पण प्लंबरने ती पाइपाच्या सोयीने बसवली असण्याची शक्यता धरून चाला.

खात्रीचा उपाय शुल्बसूत्रांइतका जुना आहे. यज्ञाच्या वेदीच्या विटा नीट पूर्वाभिमुख बसाव्यात म्हणून कात्यायनांनी तो सांगितला, पुढे तो अरबी ज्योतिषांकडे गेला आणि तिकडे त्याला ‘हिंदी वर्तुळ’ असंच नाव पडलं. सपाट जमिनीवर काठी उभी करा आणि ओळंब्याने तपासा. काठीच्या बुंध्याशी दोरी बांधून, काठीच्या उंचीच्या दीडपट त्रिज्येचं वर्तुळ खडूने काढा. सकाळी सावली वर्तुळाच्या बाहेर लांब पसरलेली असते. ऊन चढतं तशी ती आखडते आणि एका क्षणी तिचं टोक वर्तुळाला शिवून आत शिरतं. तिथे खूण करा. जेवून या. दुपारनंतर तेच टोक पुन्हा वर्तुळ ओलांडून बाहेर पडतं, तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. तिच्यावर काटकोनात रेघ काढली की उत्तर-दक्षिण.

हे डिसेंबरच्या अखेरीला करावं. पुण्यात तेव्हा पहिली खूण सकाळी दहाच्या आणि दुसरी दुपारी तीनच्या सुमारास पडते. मार्च आणि सप्टेंबरमध्ये सूर्य एका दिवसातच उत्तर-दक्षिण बराच सरकतो, त्यामुळे सकाळची आणि दुपारची सावली काटेकोर जुळत नाही. डिसेंबरात आणि जूनमध्ये तो जवळजवळ थांबलेला असतो. जूनमध्ये आपल्याकडे तो दिसत नाही, हा भाग वेगळा.

सावलीचं टोक वर्तुळाला नेमकं कधी शिवलं यावर घरात वाद होतील, कारण टोक भुरकट असतं. वाद मिनिटभराच्या आत मिटवावा. तेवढ्यात सूर्य पाव अंश सरकलेला असतो.

काटा

बरेच नवखे इथेच फसतात. काठी उभी आहे, सावली फिरते आहे, मग तिच्याभोवती बारा आकडे लिहिले की झालं, असं त्यांना वाटतं. तसं करून बघा. जानेवारीत सकाळी नऊला सावली जिथे होती, तिथे ती मेमध्ये नऊला नसते. सूर्य रोज एकाच वाटेने जात नाही. हिवाळ्यात तो दक्षिणेकडून खालून जातो, उन्हाळ्यात वरून. उभ्या काठीची सावली या दोन्ही गोष्टी एकत्र सांगते: किती वाजले आणि कोणता महिना चालू आहे. आपल्याला तूर्त फक्त पहिली हवी आहे.

त्यासाठी काठी तिरपी करायची. पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते, त्या आसाशी समांतर. मग सूर्य उन्हाळ्यातला असो की हिवाळ्यातला, तो या तिरप्या कडेभोवती एकाच चालीने फिरतो: तासाला १५ अंश, चार मिनिटांना एक अंश. बारा महिने. सूर्यघड्याळाची सगळी हुशारी या एका तिरपेपणात आहे, बाकी सुतारकाम. आस कुठे रोखलेला आहे हे रात्री दिसतं; ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, तितकाच तुमच्या गावाचा अक्षांश आणि तितकाच काट्याचा कल. पुण्याला साडेअठरा अंश.

कोनमापकाने साडेअठरा अंश मोजणं जिकिरीचं वाटत असेल तर जुनं पंचांग काढा. त्यात गावाची ‘पलभा’ दिलेली असते. विषुवदिनी मध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची सावली जितकी अंगुळं पडते, ती त्या गावाची पलभा. पुण्याची पलभा जवळजवळ नेमकी ४ अंगुळं आहे. म्हणजेच पत्र्याचा असा काटकोन त्रिकोण कापा, की ज्याचा तळ १२ आणि उंची ४. किंवा तळ १५ सेंटिमीटर आणि उंची ५. कोन आपोआप बरोबर येतो. मुंबईकरांनी उंची किंचित वाढवावी, पलभा ४ अंगुळांच्या थोडी वर आहे. नागपूरकरांनी साडेचारपेक्षा थोडी जास्त धरावी, कोल्हापूरकरांनी साडेतीनच्या थोडी वर.

पलभेचा विषय निघालाच आहे, तर जरा थांबू. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहिला. ज्या, कोज्या यांचे कोष्टक न वापरता ग्रहगणित करायचं, हा त्यांचा हट्ट. दिवस केवढा मोठा हे काढायची त्यातली रीत अशी: पलभेला १० ने गुणा, मग ८ ने, मग १० भागिले ३ ने. पुण्यासाठी ४०, ३२ आणि १३ पळं. बेरीज ८५ पळं. पळ म्हणजे २४ सेकंद, तेव्हा ही झाली ३४ मिनिटं. अर्थ असा, की जूनच्या अखेरीला पुण्यात सूर्य सूर्यघड्याळाच्या सहाच्या ३४ मिनिटं आधी उगवतो आणि डिसेंबरात तितकाच उशिरा. आज त्रिकोणमितीने काढलं तर उत्तर ३३ मिनिटं येतं. भिंगरीसारखी फिरणारी पृथ्वी आणि गुणाकाराचे तीन आकडे, एका मिनिटाच्या फरकाने. आम्ही ग्राहकांना एवढीच विनंती करतो, की त्या एका मिनिटाबद्दल गणेश दैवज्ञांना दोष देऊ नये.

त्रिकोण उत्तर-दक्षिण रेघेवर उभा चिकटवा. उंच टोक उत्तरेला. निमुळतं टोक दक्षिणेला, आणि सगळ्या तासांच्या रेघा तिथूनच निघणार आहेत. लेव्हलने कडप्पा तपासा. ओळंब्याने पत्रा तपासा. मग पुन्हा कडप्पा, कारण पत्रा बसवताना तो हललेला असतो.

रेघा

सूर्य तासाला सारखे १५ अंश फिरतो म्हणून फरशीवरही दर १५ अंशांवर रेघ मारणारे ग्राहक दर वर्षी भेटतात. फरशी आडवी आहे आणि सूर्याची वाट तिरपी. त्यामुळे रेघा सारख्या पडत नाहीत. सूत्र असं: तासाच्या कोनाच्या स्पर्शज्येला अक्षांशाच्या ज्येने गुणायचं, की रेघेच्या कोनाची स्पर्शज्या मिळते. ज्यांना दहावीनंतर त्रिकोणमिती भेटलेली नाही त्यांच्यासाठी पुण्याचे आकडे तयार आहेत. बाराची रेघ काट्याच्या खाली, सरळ उत्तरेकडे. तिच्यापासून ११ आणि १ च्या रेघा सुमारे ५ अंशांवर. १० आणि २ साडेदहा अंशांवर. ९ आणि ३ साडेसतरा. ८ आणि ४ एकोणतीस. ७ आणि ५ पन्नास. आणि ६ थेट नव्वदवर. सकाळचे तास पश्चिमेच्या बाजूला येतात, कारण सूर्य तेव्हा पूर्वेला असतो. हे उलटं लिहून बसलेले लोकही भेटतात.

आकडे नीट पाहिलेत तर लक्षात येईल, की सकाळी नऊ ते दुपारी तीन हे सहा तास मिळून पस्तीस अंशांत कोंबलेले आहेत, आणि संध्याकाळी पाच ते सहा या एकट्या तासाने चाळीस अंश अडवलेत. दुपारच्या रेघा सकाळी साडेआठच्या दादर स्टेशनवरच्या प्रवाशांसारख्या खेटून उभ्या, आणि संध्याकाळ हातपाय पसरून. विषुववृत्ताच्या जवळ राहण्याची ही किंमत आहे. जसजसे उत्तरेकडे जाल तसतशा रेघा मोकळ्या होतात. लंडनमध्ये एकची रेघ जवळजवळ १२ अंशांवर असते. म्हणून इंग्लंडहून कुणी बागेत ठेवायचं सुबक पितळी सूर्यघड्याळ भेट आणलं तर त्यांचे मनापासून आभार माना आणि ते पेपरवेट म्हणून वापरा.

मे-जूनसाठी सहाच्या पलीकडे, काट्याच्या दक्षिणेला, आणखी अर्ध्या तासाच्या रेघा ओढून ठेवा. गणेश दैवज्ञांची ती ३४ मिनिटं तिथे पडतात.

दुसऱ्या गावचं घड्याळ वापरू नये

रोमन लोकांनी ते वापरलं. इ.स.पू. २६३ मध्ये पहिल्या प्युनिक युद्धात सिसिलीतलं कतानिया जिंकल्यावर लुटीबरोबर तिथलं सूर्यघड्याळही रोमला आणलं गेलं आणि भर चौकात खांबावर उभं केलं. ते कतानियाच्या अक्षांशासाठी आखलेलं होतं. रोम त्याच्या सुमारे साडेचार अंश उत्तरेला. रेघा अर्थातच जुळत नव्हत्या. तरीही रोमकरांनी ९९ वर्षं त्यावर व्यवहार केला, असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं आहे. मग इ.स.पू. १६४ मध्ये रोमसाठी आखलेलं दुसरं शेजारी बसवण्यात आलं.

कोल्हापूर आणि नागपूर यांच्या अक्षांशांतलं अंतर जवळजवळ तेवढंच आहे, तेव्हा हसण्याआधी आपला कडप्पा तपासा. बदली झाली तर मात्र तो फेकून द्यायची गरज नाही. पुण्याचं घड्याळ नागपूरला नेलंत तर फरशीच्या उत्तरेकडच्या कडेखाली सुमारे दीड सेंटिमीटरची पाचर मारा. कोल्हापूरला नेलंत तर दक्षिणेकडून सुमारे एक सेंटिमीटर. काटा पुन्हा ध्रुवाकडे रोखला गेला की रेघाही आपोआप बरोबर येतात. ट्रकवाल्याला ‘नाजूक’ असं सांगू नका, तो मग खास लक्ष देतो.

वेळ वाचणे

घड्याळ बसलं. ऊन आहे. सावली बाराच्या रेघेवर आली. तुम्ही अभिमानाने मोबाइल काढता आणि त्यात १२ वाजून ४८ मिनिटं झालेली असतात. दुसऱ्या मजल्यावरचे काका मागे उभे असतातच. ‘पाऊण तास मागे आहे तुमचं,’ ते म्हणतात.

त्यांना खाली बसवा आणि पुढचं सांगा.

भारतीय प्रमाणवेळ म्हणजे ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळची वेळ. पुणे तिथून ८.६५ अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं, म्हणजे मिर्झापूरनंतर जवळजवळ ३५ मिनिटांनी सूर्य पुण्याच्या माथ्यावर येतो. काका आयुष्यभर मिर्झापूरच्या बारा वाजता जेवले आहेत, एवढाच याचा अर्थ. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबईने ती सहजासहजी मानली नाही. महापालिका त्यानंतर अनेक दशकं, स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं, ३९ मिनिटं मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ धरून होती. गिरणी, कचेरी, रेल्वे यांच्या घड्याळांत जो गोंधळ व्हायचा तो झाला. आम्हाला यात मुंबईचं फारसं चुकलं असं वाटत नाही, पण लोकल पकडायची असेल तर आमच्या वाटण्याला अर्थ नाही.

हे ३५ मिनिटांचं ‘देशांतर’ कायमचं आहे, एकदा फरशीवर लिहून ठेवलं की झालं. खरी गंमत उरलेल्या तेरा मिनिटांची. पृथ्वी सूर्याभोवती वर्तुळात फिरत नाही, लंबवर्तुळात फिरते. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तेव्हा तिची चाल वाढलेली असते. शिवाय तिचा आस २३.४ अंश कललेला, त्यामुळे सूर्याची वर्षभराची वाट विषुववृत्ताला धरून नाही, तिरकी जाते. दोन्हींचा परिणाम असा, की एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा दिवस वर्षभर सारखा नसतो. डिसेंबरच्या अखेरीला तो २४ तास आणि वर ३० सेकंदांचा होतो, सप्टेंबरच्या मध्याला २४ तासांना २० सेकंद कमी. सेकंद साठत जातात. फेब्रुवारीच्या ११ तारखेच्या सुमारास सूर्यघड्याळ १४ मिनिटं मागे पडतं, नोव्हेंबरच्या ३ तारखेला १६ मिनिटं पुढे जातं. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या चार दिवसांच्या आसपास फरक शून्य. पंचांगवाले याला ‘वेलांतर’ म्हणतात. भिंतीवरचं घड्याळ या सगळ्याची सरासरी काढून एक काल्पनिक, सरळमार्गी सूर्य चालवतं, जो आकाशात कुणी पाहिलेला नाही.

म्हणून पुण्यात सूर्य माथ्यावर येण्याची वेळ नोव्हेंबरात १२ वाजून १८ मिनिटं असते आणि फेब्रुवारीत १२ वाजून ४९. नागपूरला देशांतर फक्त १४ मिनिटांचं, तेव्हा नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे सूर्य बाराच्या आधीच, ११ वाजून ५७ मिनिटांनी मध्यान्ह गाठतो. नागपूरकरांना हे सांगू नका, ते विदर्भाच्या वेगळ्या वेळेची मागणी करतील.

सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी वेलांतर आधीच पाहिलेलं असतं, नाव ठाऊक नसलं तरी. संक्रांतीला दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात, आणि वाढतोही. पण पुण्यात सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत रोज उशिराउशिराच होत असतो. वाढलेला तीळ सगळा संध्याकाळच्या बाजूला पडतो. नोव्हेंबरच्या अखेरीपासूनच सूर्यास्त पुढे सरकायला लागलेला असतो. काकांना हे उदाहरण पटतं, कारण तेही पर्वतीवर सहाला जातात आणि अंधार म्हणून चिडतात.

मोठं मॉडेल हवं असल्यास

काही ग्राहक विचारतात, एक फुटाच्या फरशीवर मिनिटं वाचता येत नाहीत, मोठं करून मिळेल का? मिळेल. जयपूरला सवाई जयसिंगांनी केलं आहे. तिथल्या सम्राट यंत्राचा त्रिकोण २७ मीटर उंच आहे, त्याच्या तिरप्या कडेवर चढायला पायऱ्या आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या संगमरवरी कमानींवरून सावली सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकते. नुसतं उभं राहिलं तरी ती सरकताना दिसते; अर्धा मिनिट बोट टेकवून ठेवा, सावली त्याच्या पलीकडे गेलेली असते. दिल्ली, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा इथेही जयसिंगांनी वेधशाळा उभारल्या. मथुरेची आता उरलेली नाही.

पण मोठेपणाला एक मर्यादा आहे आणि ती सूर्यानेच घातली आहे. सूर्य हा बिंदू नाही. आकाशात तो अर्धा अंश रुंद दिसतो. स्वतःच्या रुंदीएवढं सरकायला त्याला सुमारे दोन मिनिटं लागतात. त्यामुळे सावलीची कड कधीच रेघेसारखी नसते, तिथे एक धूसर पट्टा असतो. तुमच्या कडप्प्यावर तो पट्टा मिलिमीटरभर रुंद, जयपूरला चौदा सेंटिमीटरच्या आसपास. वेळेच्या हिशोबात दोन्ही ठिकाणी दोन मिनिटंच. जयपूरला तो पट्टा निदान इतका मोठा आहे, की त्याचा मध्य नजरेने ठरवता येतो. तुम्ही फक्त अंदाज करू शकता, आणि तो काकांपेक्षा आधी जाहीर करू शकता.

मराठी ग्राहकांना या मोठ्या मॉडेलबद्दल जरा आपलेपणा वाटायला हरकत नाही. जयसिंगांच्या पदरी असलेले पंडित जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय; त्यांनी अरबीतून युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ संस्कृतात आणला. उज्जैनची वेधशाळा मोडकळीला आली होती, ती १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली आणि तिची धुरा गोविंद सदाशिव आपटे यांच्याकडे होती. तिथलं सम्राट यंत्र आजही पाहता येतं. बघायला जाल तेव्हा शेजारी लावलेला वेलांतराचा तक्ता आधी पाहा, मग मनगटावर.

नेहमीच्या तक्रारी

*मे महिन्यात दुपारी सावली गायब झाली.* ती गायब झालेली नाही, खाली गेली आहे. पुण्यात १४ मेच्या आसपास सूर्य मध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाशी मिटते. हाच तो वर्तमानपत्रांतला ‘शून्य सावली दिवस’. कोल्हापुरात तो आठवडाभर आधी, नागपुरात २६ मेच्या सुमारास. असा दिवस पुन्हा जुलैच्या अखेरीस येतो, पण पुण्याच्या ढगांनी तो फारसा कुणाला दिसू दिलेला नाही. त्यादरम्यान आमचा काटा मध्यान्ही बरोबर बाराच दाखवत असतो, फक्त दाखवायला त्याच्याकडे सावली नसते.

*जूनमध्ये अंगणातल्या खांबाची सावली उलटी फिरते.* फिरते. जूनच्या अखेरीस सूर्य पुण्याच्या उत्तरेकडून जातो. उगवल्यावर खांबाची सावली आधी सुमारे १० अंश नेहमीच्या दिशेने सरकते, मग थांबते आणि मागे वळून दक्षिणेकडून पूर्वेला जाते. घड्याळाच्या काट्यांची दिशा उत्तर गोलार्धातल्या सावलीवरून आली म्हणतात. ती पुण्यातल्या जूनवरून आली असती तर सगळी घड्याळं डावीकडे फिरली असती. आमच्या तिरप्या काट्यावर याचा परिणाम होत नाही. ज्यांनी उभी काठी वापरली त्यांनी ‘काटा’ हे प्रकरण पुन्हा वाचावं.

*पावसाळ्यात चालत नाही.* बरोबर.

*ऑफिसला उशीर झाला.* वर स्पष्ट केलं आहे, की हे घड्याळ तुमच्या गच्चीची वेळ सांगतं. ऑफिस गच्चीवर असल्यास तक्रार नोंदवावी.

*रात्री चालत नाही.* चालतं, पण महिन्यातून एक-दोन रात्रीच. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून मध्यरात्री तो जिथे असतो तिथे दुपारी सूर्य असतो आणि त्याची सावलीही बाराच्या रेघेवर पडते. कोजागरीला दूध आटवायला गच्चीवर जाणारच आहात, तेव्हा करून पाहा. गच्चीवरचा एलईडी दिवा बंद करायला सांगा आणि डोळे अंधाराला सरावू द्या, सावली फिकट असली तरी वाचता येते. वाचलेल्या वेळेत देशांतराची ३५ मिनिटं मिळवा आणि ऑक्टोबर असल्याने वेलांतराची दहा ते सोळा वजा करा. पौर्णिमा उलटल्यावर चंद्र रोज सुमारे ४८ मिनिटं मागे राहतो. दुसऱ्या रात्री ४८ मिनिटं मिळवा, तिसऱ्या रात्री एक तास ३६. पौर्णिमेच्या आधीच्या रात्री असाल तर तितकीच वजा करा. या हिशोबात दूध करपल्यास कंपनी जबाबदार नाही.